एकेचाळीस नावांची भिंत

सूर्यभान गवंड्याला चिडायला मोठं काही लागत नसे. कुणी नुसतं 'तो दगड द्या वो इकडं' म्हणालं की झालं! हातातली थापी तशीच धरून तो वळायचा आणि खेकसायचा, "कोन्ता दगड? कोनाचा देऊ का दर्शनी? का चीप पाहिजे? सगळ्याला दगडच म्हणतेत! उद्या बायकूला बी नुसतं माणूस म्हणून हाक मारा."

ऐकणारे हसायचे. सूर्यभानला हसू यायचं नाही. पंचवीस वर्षं ह्याच कामात हाडं झिजलेली. कोपऱ्यात बसणारा तो कोनाचा, बाहेरून दिसणारा तो दर्शनी, फटीत ठोकायची ती चीप, भिंतीच्या आत दडपायची ती पोटातली भर. आणि ह्या सगळ्यांच्या वर, त्याच्या हिशेबी, एकच राजा. बांधाचा दगड! दोन फूट रुंदीची दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, एक बाहेरची, एक आतली, मधे भर. त्या दोघींना एकमेकींत गुंतवायचं तर मधून मधून एक लांब, सपाट दगड आडवा, आरपार घालावा लागतो. तो नसला तर दोन्ही पदर हळूहळू एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि एक दिवस ती फाटते. गवंडीकामातलं एवढं एक कळलं तरी पुष्कळ झालं, असं तो म्हणायचा. पण एवढंच कुणाला कळत नव्हतं, आणि सूर्यभानचा निम्मा जन्म ते सांगण्यात गेला होता.

ताडकळसच्या अलीकडं चार मैलांवर त्याचं गाव. पंचाहत्तर साल. दुष्काळ सरून दोन सुगी झाल्या होत्या आणि बौद्ध वस्तीतल्या एकेचाळीस घरांनी मनावर घेतलं होतं की वैशाख पौर्णिमेला स्वतःच्या विहारात बसायचं. तीस फूट लांब, सोळा फूट रुंद, काळ्या दगडाची इमारत. सिमेंट मिळायला परमिट लागायचं, म्हणून चुना. गवंडी घरचाच. मजुरीचा प्रश्नच नव्हता, सूर्यभाननं मागितलीच नसती. त्यानं एकच गोष्ट मागितली, "माझ्या कामात कुणी नाक खुपसू नका." सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी, म्हणजे ज्यांची नाकं सगळ्यात लांब होती त्यांनी आधी.

पाया झाला, जोतं झालं, भिंत गुडघ्याला आली आणि बांधाचे दगड संपले. खाणीतून निघायचा तो बारका डबर. दोन फुटी लांब दगड म्हणून मिळेना. सूर्यभान हातातलं काम टाकून बसला.

"बांध मिळाल्याबिगर एक थर चढवणार न्हाई," त्यानं जाहीर करून टाकलं.

"अहो सूर्यभानदादा, पौर्णिमा दीड महिन्यावर आलीय," पंडित गुरुजी म्हणाले. पंडित गुरुजी वस्तीतले पहिले मास्तर, पांढऱ्या पायजम्यातला सालस माणूस, अक्षर मोत्यासारखं. विहाराची सगळी धावपळ त्यांच्याच अंगावर.

"मग पौर्णिमेला सांगा, जरा थांब म्हणावं."

गुरुजी दोन दिवस विचार करत राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना एक कल्पना सुचली. चांगल्या माणसाला कल्पना सुचली की गवंड्यानं गाव सोडून जावं, असं सूर्यभान पुढं कितीदा तरी म्हणाला. गुरुजींनी घरोघर जाऊन सांगितलं, घरटी एक दगड द्या. लांब, सपाट, चांगला. जो दगड घरात वापरात आहे तोच द्या, म्हणजे प्रत्येक घर विहारात येईल.

ही गोष्ट लोकांना अशी लागली की विचारू नका! दुसऱ्या दिवशीपासून दगड यायला लागले. कुणी धुण्याचा दगड आणला, कुणी दारातली पायरी उपसली, कुणी न्हाणीतली फरशी. सुलाबाई म्हणून एक म्हातारी होती, एकटी राहायची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तिनं धुण्याचा दगड स्वतः पहारीनं उकरला आणि चौघांच्या मदतीनं आणला. बरोबर दोन फूट. पन्नास वर्षं धुणं आपटून वरची बाजू आरशागत गुळगुळीत झालेली.

सूर्यभाननं दगडावर हात फिरवला आणि त्याचा चेहरा उजळला. वस्तीनं त्याला असं खुशीत वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. "हा बांध! ह्याला म्हणतेत बांध! सुलामाय, तुजा दगड लाखात एक हाय," तो म्हणाला. सुलाबाई लाजून पदर सावरत घरी गेली.

एकेचाळीस दगड जमले. सूर्यभान दोन दिवस चुन्यासाठी पूर्णेला गेला. परत आला तेव्हा सगळे दगड ओळीनं मांडलेले होते आणि पंडित गुरुजी हातात ब्रश, बाजूला निळ्या रंगाचा डबा घेऊन शेवटच्या दगडावर शेवटचं अक्षर काढत होते. प्रत्येक दगडावर एकेका घराचं नाव. ठसठशीत, निळं, सुंदर. आणि ते कुठं काढलं होतं? दगडाच्या सगळ्यात रुंद, सगळ्यात गुळगुळीत बाजूवर. दुसरीकडं कुठं काढणार बिचारे?

 सूर्यभाननं डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि जमिनीवर आपटलं.

"गुरुजी! अवो गुरुजी! ही दगडाची बैठक हाय वो!"

"बैठक म्हणजे?"

"म्हणजे ह्या बाजूवर दगड बसतो! रुंद बाजू खाली, नायतर वर. त्याच्यावर चुना, चुन्यावर दुसरा दगड! भाईर दिसतं ते हे, हे, चार बोटाचं टोक! तुमी नावं काढली ती सगळी भितीच्या आत गडप व्हायची!"

गुरुजींच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "मग उभे लावा ना," ते हळूच म्हणाले. "नाव बाहेर येईल असे. फरशी लावतात तसे."

आता ह्यावर काय बोलावं! सूर्यभाननं कपाळावर हात मारून घेतला. उभा लावलेला दगड म्हणजे भिंतीला चिकटवलेली पाटी. तो काही धरून ठेवत नाही, त्यालाच धरून ठेवावं लागतं. ज्या एकेचाळीस दगडांवर भिंत तरणार होती, त्यांचाच भिंतीला भार व्हायचा. हे त्यानं गुरुजींना सांगितलं, सोबत दगड फोडायला असलेल्या रंगनाथला सांगितलं, पाणी द्यायला आलेल्या बायकांना सांगितलं, बांधावरच्या शेळीलाही सांगितलं असतं. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की सूर्यभान नावं गाडायला निघालाय.

सगळे जमले. एकेकाचं ऐकून सूर्यभानच्या डोक्याची शीर ताठ झाली.

"टोकावर काढा मग नावं," तो शेवटी म्हणाला. "चार बोटाची जागा हाय."

"चार बोटात? बापाचं नाव गाळू का आडनाव गाळू?" कुणीतरी म्हणालं.

"मग एक लाकडी फळी करा, तिच्यावर लिवा सगळी."

"फळीवर मेंबरायची नावं असतेत," सुलाबाई मागून बोलली. "इलेक्शन हरलं की पुसतेत." मग ती पुढं आली. "सूर्यभान, आजवर आपलं नाव कोन्त्या भितीवर लागलं रे? मस्टरवर लागलं, रेशनच्या वहीत लागलं. माझ्या मालकाचं नाव म्या पयल्यांदा असं मोठं लिवलेलं पाहिलं. मला वाचता येत न्हाई, तरी म्या बोट फिरवून पाहिलं. अन् तू म्हणतूस मातीत घाल."

 सूर्यभान गप्प झाला, आणि तो गप्प झाला की काहीतरी खरं बोलणार असं सगुणाबाईला, त्याच्या बायकोला, माहीत होतं. ती बायकांत मागं उभी होती.

"सेलूकडं एका आडत्याचं सरकीचं कोठार म्या बांधलं, सदुसष्ट साली," तो म्हणाला. "त्याला जल्दी होती. बांधाचे दगड येईपर्यंत थांब म्हणालो तर म्हणे भर घाल अन् मोकळा हो. म्या म्हणालो, बरं. एवढंच म्हणालो. तिसऱ्या वर्षी भितीला पोट आलं अन् ती फाटली. आतला पदर आत, भाईरचा भाईर. आतल्या पदराखाली चंद्रभान नावाचा हमाल होता. त्याला काढायला मीच गेलतो. माझाच दगड होता त्याच्या छातीवर, मला वळखू आला, म्याच घडलता तो."

 गुरुजींनी मान खाली घातली.

"तवापासनं म्या कुणाला बरं म्हणत न्हाई," सूर्यभान म्हणाला. "ह्या भितीपाशी आपली लेकरं बसणार. तुमाला नावं पाहिजेत तर दुसरा गवंडी पाहा. मला भीत उभी ठेवायचीय."

सुलाबाईनं आपल्या दगडावर एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "माजा पयला घाल."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी पहिला तिचाच घातला. पूर्वेच्या भिंतीत, खिडकीच्या अलीकडं. सूर्यभाननं दगड आडवा, आरपार बसवला, ठोकून पाहिला, आणि निळ्या नावावर चुना पसरला. सुलाबाई समोर उभी होती. रडली नाही, पण चुना पसरून झाल्यावर लगेच घरी गेली. मग बाकीचे आले. काही कुरकुरले, एकजण दोन दिवस बोलला नाही, पण दगड कुणी परत नेला नाही. भिंत चढत गेली. सूर्यभानच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. चुना पातळ झाला, सूत ढिलं झालं, सांध्यावर सांधा, दरजेवर दरज आली, रंगनाथला डोळे आहेत का भोकं! सगळं नेहमीसारखं. वस्तीला हायसं वाटलं.

चाळीस दगड गेले. भिंत छातीला आली. उरला एक, तो खुद्द सूर्यभानच्या घरचा.

त्यावरचं नाव त्यानं अजून पाहिलंच नव्हतं. दगड सगुणाबाईनं दिला होता, नाव तिनंच गुरुजींना सांगितलं होतं, आणि तो ढिगाच्या तळाशी पालथा पडलेला. रंगनाथनं तो उलटा केला. सूर्यभानला अक्षरओळख होती, तीही मोठेपणी झालेली. एकेक अक्षर लावत त्यानं वाचलं. स. ट. वा.

त्याच्या बापाचं नाव. दगड दारातल्या पायरीचा. सटवा सांजच्याला ह्याच दगडावर बसून भाकर खायचा. आयुष्यभर दगड वाहिले त्यानं. देवळाच्या ओट्याला वाहिले, जिथं चढता येत नव्हतं. पाटलाच्या विहिरीला वाहिले, जिथलं पाणी ओंजळीत वरून ओतून घ्यावं लागायचं. पाठीवर घट्टे पडलेले, उन्हाळ्यात ते फुटायचे. आणि मेला तेव्हा त्याच्या नावाचा कागदसुद्धा कुठं नव्हता. ते नाव सूर्यभाननं जन्मात पहिल्यांदा लिहिलेलं पाहिलं.

"चुना आणू का?" रंगनाथनं विचारलं.

"थांब."

तो दगडाशी बसला, तीन अक्षरं पुन्हा एकदा लावून पाहिली. मग उठला, दारापाशी गेला, चौकटीच्या उजव्या अंगाला हातानं माप घेतलं. कुणाशी न बोलता त्यानं दगड उचलून घेतला आणि उभा लावला. नाव बाहेर. मागं भर घातली, चार चिपा ठोकल्या, चुन्यानं कडा लिंपल्या. एका दगडानं काय होतंय, असं तो स्वतःशीच पुटपुटला. रंगनाथनं ऐकलं. चाळीस दगडांच्या वेळी ज्या माणसानं आभाळ डोक्यावर घेतलं होतं त्याच्या तोंडून हे ऐकून रंगनाथ पाणी प्यायला निघून गेला.

सगुणाबाई भाकर घेऊन आली. दारापाशी थबकली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या तीन अक्षरांचं वळण तिनं घरी कोळशानं गिरवून पाठ केलं होतं. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि दगडाला हात जोडले. नवऱ्यावर ती इतकी खूश होती की त्या दुपारी तिनं त्याला भाकर वाढताना दोनदा कालवण घातलं. सूर्यभाननं मात्र अर्धी भाकर तशीच ठेवली आणि मिठावरनं तिच्यावरच ओरडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलाबाई आली. दारात उभी राहिली, दगड पाहिला. तिनंही त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे काय लिवलंय?"

सूर्यभान सूत बांधत होता. त्यानं वळून पाहिलं नाही. "सटवा."

"तुजा बाप."

"हां."

आता ही बोलणार, त्याला वाटलं. बोलावं तिनं. शिव्या घालाव्यात, वस्ती गोळा करावी, त्याचं मुंडासं त्याच्याच पुढ्यात आपटावं. तो त्यासाठी जवळजवळ तयार होऊन उभा राहिला. काय उत्तर द्यायचं तेही त्यानं रात्रभर जुळवलं होतं.

"चांगला माणूस होता सटवादादा," सुलाबाई म्हणाली. "माझ्या लग्नात त्यानंच पाणी भरलतं." मग ती खिडकीच्या भिंतीकडं गेली, चाचपल्यासारखा हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "सूर्यभान, माजा कुटं हाय रं? सगळी टोकं सारखीच दिसायलीत. मला तेवढी जागा दाखव बाबा, हात लावून जाते."

सूर्यभान आला. थर मोजले, बोट ठेवलं. "हा."

सुलाबाईनं त्या चार बोटांच्या टोकावर तळवा ठेवला. तिथं काही लिहिलेलं नव्हतं, छिन्नीचे घाव तेवढे होते. तिनं डोळे मिटले, ओठ हलले. मग हात पदराला पुसून ती चालायला लागली.

"थांब," सूर्यभान ओरडला. "सुलामाय, थांब तिथंच! जाऊ नको!"

त्यानं पहार उचलली. तोंडानं शिव्यांचा पट्टा सुरू झाला, कुणाला ते कळेना. चुन्याला, गुरुजींच्या रंगाला, वैशाखाच्या उन्हाला, स्वतःला. "हरामखोर! चाळीस जणांला शहाणपण शिकवतूस! चाळीस घरं गाडलीस अन् सोताच्या बापाला दारात उभा केलास! हमाल मेला तरी अक्कल आली न्हाई तुला!" पहारीच्या दुसऱ्या दणक्याला चिपा सुटल्या, चौथ्याला दगड पुढं झुकला. रंगनाथ धावत आला म्हणून तो पायावर पडला नाही. कालचा चुना, अजून ओला. कसलं धरून ठेवणार तो? मागची भर भसाभसा खाली आली. चार बोटं जाडीचा दगड आणि मागं सगळा भुगा! सूर्यभाननं त्या खळग्याकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडची शिवी तोंडातच राहिली.

आवाज ऐकून बायका जमल्या. सगुणाबाई पुढं आली. आडवा पडलेला दगड तिनं पाहिला.

"आवो, काय करायलाव हे? येड लागलं का तुमाला? एकच तर नाव होतं!"

"तेच तर," सूर्यभान म्हणाला. "एकच होतं."

तिनं सुलाबाईकडं पाहिलं, खिडकीच्या भिंतीकडं पाहिलं, मग खाली बसली.

सूर्यभाननं खळगा साफ केला. आतल्या पदरापर्यंत. दोघांनी मिळून दगड उचलला आणि आडवा सरकवला. टोक बाहेर, टोक आत, मधे भिंतीच्या पोटात तीन निळी अक्षरं आभाळाकडं तोंड करून. सूर्यभाननं थापी भरून चुना घेतला. आणि हात थांबला. पंचवीस वर्षांत त्याचा हात चुना घेऊन कधी थांबला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तशी तो आणखीच चिडला. "बघत काय राहिलाव सगळे? कामं न्हाईत का घरी?" तो ओरडला. कुणीही गेलं नाही.

मग त्यानं चुना पसरला. आधी वा गेला, मग ट. स वर थापी आली तेव्हा सगुणाबाई उठली. तिनं डोळे पुसले, दगडाच्या बाहेरच्या टोकाला हात लावला आणि तो हलतो का पाहिलं.

"मामांना नीट बसवा," ती म्हणाली. "हलायला नकोत."